भट्टीपर्यंतची दीडशे पावले

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या या शाळेने मला बोलावले, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. संकोच अशासाठी की, या सभागृहात माझ्याहून अधिक शिकलेली, अधिक कीर्ती मिळवलेली माणसे बसली आहेत. मी उरला औद्योगिक क्षेत्रात पोलादाचे ओतकाम करणारा एक लहान कारखानदार. संयोजकांनी मला ‘यशस्वी उद्योजकाची वाटचाल’ असा विषय सुचवला होता. मी त्यांची क्षमा मागून तो बदलून घेतला. यशाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आणि त्या चुकीने मला जे शिकवले त्याविषयी बोलण्याची परवानगी मी आपणाकडे मागतो. विषय एका वाक्यात सांगायचा तर असा आहे : जो माणूस प्रत्यक्ष हाताने काम करतो, त्याच्यापर्यंत मालकाची पावले पोचतात की नाही?

आमच्या वेळी या शाळेचे मुख्याध्यापक प्रार्थनेपूर्वी पंधरा मिनिटे फाटकाशी उभे राहत असत. उशिरा येणाऱ्यांना पकडण्यासाठी ते तिथे उभे राहतात, अशी आमची समजूत होती. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना त्याविषयी विचारले. ते म्हणाले, “अरे, मुलगा सकाळी जेवून आला आहे की उपाशी, घरी काही बिनसले आहे का, हे फाटकात चेहऱ्यावरून कळते. माझ्या खोलीत बसल्यावर मला फक्त हजेरीपट दिसतो.” हे वाक्य त्या वेळी मला समजले नाही. ते समजायला मला माझ्या कारखान्यातला एक दिवस पाहावा लागला.

मी १९९१ साली अकरा कामगारांना घेऊन काम सुरू केले. त्या वेळी माझी खुर्ची आणि भट्टी यांच्यामध्ये भिंत नव्हती, कारण भिंत बांधायला पैसे नव्हते. वाळूचे साचे घालणारा मोल्डर, वितळलेले लोखंड लॅडलमधून ओतणारा, थंड झालेल्या ओतिवाचे तोंड छाटणारा, या सगळ्यांची नावे, गावे, मुलांच्या इयत्ता मला पाठ होत्या. दुपारी आम्ही एकत्र जेवत असू. माझ्या डब्यात पोळी-भाजी असे आणि त्यांच्या डब्यात बासी. उन्हाळ्यात भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला रात्री पाण्यात भिजवलेला तो भात, कांदा आणि मीठ किती मानवते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पुढे काम वाढले. नवीन शेड झाली, इंडक्शन भट्टी आली, डोक्यावरून फिरणारी क्रेन आली. कामगारांची संख्या दीडशेच्या पुढे गेली आणि त्यांतले बहुसंख्य ठेकेदाराचे झाले. माझ्यासाठी वातानुकूलित कचेरी झाली. कचेरीपासून भट्टीपर्यंतचे अंतर मी एकदा मोजले आहे : दीडशे पावले. पण मी ती पावले टाकणे हळूहळू सोडून दिले. टाकण्याची गरजच काय, असे वाटू लागले. भिंतीवर सीसीटीव्हीचे सोळा चौकोन होते, संध्याकाळी मोबाइलवर उत्पादनाचा अहवाल येत होता. कारखाना माझ्या टेबलावर आला आहे, असा माझा समज झाला.

एका पावसाळ्यात त्या क्रेनचा ब्रेक घसरला. लॅडल हिंदकळली आणि पोलादाचा रस खाली सांडला. जवळ उभ्या असलेल्या एका हेल्परचा पाय घोट्यापर्यंत भाजला. त्याचा जीव वाचला, ही त्याची पुण्याई, माझी नव्हे. मी रुग्णालयात धावलो. खिडकीवरच्या कारकुनाने रुग्णाचे नाव विचारले आणि माझ्या लक्षात आले की, ते मला ठाऊक नाही. मी ठेकेदाराला फोन करून नाव विचारले. माझ्या शेजारी त्या माणसाची बायको उभी होती. ती आमच्याच शेडमध्ये रेजा म्हणून वाळू वाहत असे. तिने सगळे ऐकले. ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “ओ ह त पहिली ले बताय रिहिस, सेठ.” त्याने तर आधीच सांगितले होते.

मी चौकशी केली. ब्रेक धरताना वेगळा आवाज येतो, हे त्याने चार दिवस आधी ठेकेदाराच्या मुन्शीला सांगितले होते. मुन्शीने ते शिफ्टच्या सुपरवायझरला सांगितले. सुपरवायझरने ‘महिनाअखेरीच्या देखभालीत पाहू’ असे म्हटले, कारण माल वेळेवर पाठवण्याची घाई मीच त्याच्यामागे लावली होती. आणि मला रोज संध्याकाळी येणाऱ्या अहवालात क्रेनच्या रकान्यापुढे लिहिलेले होते : ठीक. चारही दिवस मी त्या क्रेनला पडद्यावर पाहत होतो. कॅमेऱ्याला डोळा असतो, कान नसतो. जो आवाज ऐकू यायला पाहिजे होता, तो दीडशे पावलांवर होता.

मित्रहो, यात मुन्शी दुष्ट नव्हता आणि सुपरवायझरही नव्हता. वाईट बातमी वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी सौम्य होते. सांगणाऱ्याला वरच्याची मर्जी सांभाळायची असते. चार पायऱ्या ओलांडेपर्यंत ‘ब्रेक घसरतो आहे’ याचे ‘ठीक’ होऊन जाते. संस्था जितकी मोठी, तितक्या पायऱ्या अधिक. म्हणून मोठ्या माणसाला सत्य सर्वांत शेवटी कळते. ही गोष्ट माझ्या कारखान्यापुरती नाही, रुग्णालय, बँक, सरकारी कचेरी, शाळा, सर्वत्र तीच आहे.

त्या प्रसंगानंतर मी वाचू लागलो. आपल्यापूर्वीच्या लोकांनी हे अंतर कसे ओलांडले, हे शोधू लागलो. आणि मला दूर जावे लागले नाही.

आपण रायपूरची मराठी माणसे पंडित माधवराव सप्रे यांचे नाव अभिमानाने घेतो. मराठी घरातला हा मनुष्य. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले आणि त्याच्या प्रकाशनाची बाजू आपल्याच वामनराव लाखे यांनी सांभाळली. ज्यांच्या नावाच्या लाखेनगरातून आपल्यापैकी अनेक जण रोज जातात. त्या मासिकात १९०१ साली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिली कथा म्हणून अनेक अभ्यासक तिचे नाव घेतात. एका जमीनदाराला वाडा वाढवण्यासाठी शेजारच्या गरीब विधवेची झोपडी हवी असते. तो कायद्याचा आधार घेऊन ती मिळवतो. म्हातारी एक दिवस येऊन विनवते की, नातीसाठी चूल घालायची आहे, झोपडीतली एक टोपलीभर माती तेवढी नेऊ द्या. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावायला सांगते. तो वाकतो, जोर लावतो, पण टोपली उचलत नाही. तेव्हा ती त्याला विचारते की, एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या साऱ्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

ही कथा मी शाळकरी वयात वाचली होती आणि ती मला गर्वहरणाची गोष्ट वाटली होती. अपघातानंतर पुन्हा वाचली, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. जमीनदाराला उपदेशाने काही कळले नाही, कागदपत्रांवरूनही कळले नाही. तो वाकला, त्याचा हात टोपलीला लागला आणि वजन कळले, तेव्हा कळले. आपल्या कारखान्यात वाळूची टोपली किती वजनाची असते, हे मी पंधरा वर्षांत एकदाही उचलून पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी उचलून पाहिली. ती बाई दिवसाला अशा किती टोपल्या वाहत होती, हे मोजण्याची मला छाती झाली नाही. त्या महिन्यात आम्ही वाळूसाठी हातगाड्या आणल्या. तेवढ्या साध्या गोष्टीला पंधरा वर्षे लागली, कारण टोपलीचे वजन कोणत्याही अहवालात नव्हते.

आता नागपूरकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळ घरे नागपूर-विदर्भातून इथे आली. तिथल्या एम्प्रेस मिलचा भोंगा आपल्या आजोबांनी ऐकलेला आहे. जमशेटजी टाटांनी ती गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली आणि तिचा कारभार बेझनजी दादाभाई मेहता या रेल्वेत काम केलेल्या माणसाकडे सोपवला. गिरणीत आरंभी मोठी अडचण होती गैरहजेरीची. शेतीवर वाढलेला माणूस भोंग्यावर कामाला येण्यास सरावलेला नव्हता. त्या काळातला सोपा उपाय म्हणजे दंड. जमशेटजींनी माणूस कामावर का येत नाही हे पाहिले. गिरणीतील हवा कोंदट आणि कोरडी होती, म्हणून त्यांनी हवा खेळती ठेवण्याची आणि आर्द्रता राखण्याची यंत्रे बसवली. म्हातारपणाची धास्ती होती, म्हणून १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. यंत्रात सापडण्याची भीती होती, म्हणून १८९५ साली अपघाताच्या भरपाईची व्यवस्था केली. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. बक्षिसे वाटण्याचा समारंभ होई, खेळ होत. गैरहजेरीच्या आकड्यामागे माणसाची एक अडचण असते, हे त्यांनी ओळखले.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. निवडुंग आणि साप यांच्या त्या रानात मालक आणि कामगार एकाच वेळी राहायला गेले. मालकाचे घर एका शहरात आणि कारखाना दुसऱ्या गावी, असा प्रकारच नव्हता. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा तिथला नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या राखणीचे काम सोपवले आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने सुरुवातीचे नांगर विकायला फार काळ लागला. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याचे ऐकल्याशिवाय ती समजूत दूर होणार नव्हती. १९२० साली त्याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची खबर लोकांना देण्यासाठी निघालेले ते पत्र पुढे महाराष्ट्रातले नामांकित मासिक झाले, हे आपण जाणताच.

आणखी मागे जायचे तर छत्रपती शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र पाहावे. रयतेला उपद्रव देऊ नका, ही त्यातली आज्ञा सर्वांना ठाऊक आहे. मला त्या पत्रातला बारकावा थक्क करतो. पावसाळाभर पुरेल असा दाणा-गवताचा हिशेब, कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंज पेटेल, इथपर्यंतची काळजी त्या पत्रात आहे. ज्याने छावणीत रात्र काढली आहे, त्यालाच उंदीर वात नेतो हे ठाऊक असते. राज्य करणाऱ्याला एवढा तपशील माहीत असणे, हा कमीपणा नव्हे.

मात्र चांगल्या मालकांच्या गोष्टी सांगून थांबलो, तर मी आपली फसवणूक केली, असे होईल. आपल्या या छत्तीसगढचा इतिहास दुसरी बाजूही दाखवतो. राजनांदगावची कापडगिरणी इथून फार दूर नाही. १९२० साली ठाकूर प्यारेलालसिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला. देशातल्या सुरुवातीच्या दीर्घ संपांत त्याची गणना होते. आज ती गिरणीही बंद आहे.

आणि दल्ली-राजहराच्या खाणी. भिलाईची भट्टी १९५९ साली पेटली, ती तिथल्या लोहखनिजावर. भिलाईने आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांना पोटभर अन्न आणि मानाचे आयुष्य दिले. कायम नोकरीतल्या माणसाला घर, शाळा, रुग्णालय मिळाले. पण खाणीत ठेकेदारामार्फत हाताने खनिज फोडणारा माणूस त्या वर्तुळाबाहेर होता. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्याभोवती ते कामगार संघटित झाले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी बांबू-बल्लीचा भत्ता ही एक मागणी होती. झोपडी शाकारण्याचा भत्ता! ती मागणी योग्य वेळी योग्य कानापर्यंत पोचली असती तर काय झाले असते, हे आज सांगता येत नाही. झाले ते असे की, जूनच्या आरंभी गोळीबार झाला आणि अकरा माणसे गेली. पुढे १९८३ साली त्याच कामगारांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून शहीद रुग्णालय उभे केले. नियोगींची १९९१ साली भिलाईत हत्या झाली. त्यांच्या राजकारणाशी आपण सहमत असू किंवा नसू. पण प्रत्येक कारखानदाराने या इतिहासापुढे क्षणभर शांत उभे राहावे, असे मला वाटते. सप्रे यांच्या कथेतही झोपडीच होती.

या इतिहासात मला माझा ठेकेदार दिसला. ठेक्याची पद्धत मालकाला सोयीची असते, कारण ती त्याला नाव लक्षात ठेवण्यापासून मुक्त करते. ‘तो माझा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हे वाक्य मीही उच्चारलेले आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच ठेकेदाराने मजुरी चुकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. कायद्याला जे नाते दिसत होते, ते मला दिसत नव्हते. पाय भाजला तो ठेकेदाराच्या अंगणात नव्हे, माझ्या भट्टीपाशी.

आता मी काय केले, ते थोडक्यात सांगतो. यात थोर असे काही नाही. कोणालाही करता येईल, असेच आहे.

रोज सकाळची शिफ्ट सुरू होताना मी मोबाइल टेबलावर ठेवून दीडशे पावले चालतो. प्रत्येक खात्यात एकच प्रश्न विचारतो, “कालच्यापेक्षा आज काय वेगळे वाटते?” ‘काही अडचण आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही सेठ’ असेच येते, हा अनुभव आहे. वेगळे काय वाटते असे विचारले, की माणूस आवाज सांगतो, वास सांगतो, थरथर सांगतो. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही सबंध साखळी थांबवण्याची सूचना देऊ शकतो. आमच्याकडे तशी सोय नाही, पण नियम आहे : धोका वाटला म्हणून ज्याने क्रेन थांबवली, त्याची मजुरी कापली जाणार नाही, मग धोका खोटा ठरला तरी. पहिल्या वर्षी क्रेन अनेकदा उगाच थांबली. मला रागही आला. मी तो गिळला. ज्या दिवशी मी ओरडलो असतो, त्या दिवसापासून क्रेन थांबणे बंद झाले असते आणि ब्रेकचा आवाज पुन्हा माझ्यापासून लपला असता.

ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला आठ दिवसांत उत्तर द्यायचे, हा दुसरा नियम. उत्तर ‘होणार नाही’ असेही असू शकते. पण त्याचे कारण सांगायचे. ऐकून काहीच न करणे हे न ऐकण्याहून वाईट, कारण न ऐकणाऱ्याकडून निदान आशा तरी नसते. तिसरी गोष्ट, फेरी ही पाळत नव्हे. तिथल्या तिथे सुपरवायझरला डावलून हुकूम सोडायचे नाहीत, त्याच्यादेखत त्याच्या माणसाकडून चहाडी काढायची नाही. अन्यथा मधला माणूस शत्रू होतो, आणि कारखाना चालतो तो त्याच्याच बळावर.

चौथी गोष्ट भाषेची. आपण घरी मराठी, कचेरीत हिंदी बोलतो आणि आपला कामगार छत्तीसगढी बोलतो. साठ वर्षे इथले अन्न खाऊनही आपल्यापैकी कितीजण छत्तीसगढीत दोन वाक्ये नीट बोलू शकतात? हिंदीत तो मला कामाचे सांगतो. मनातले छत्तीसगढीत सांगतो. मी या वयात ती शिकतो आहे. माझे उच्चार ऐकून रेजा तोंडाला पदर लावून हसतात, आणि हसणारा माणूस पुढे बोलतो.

भाषा कळू लागली तसे कॅलेंडरही कळू लागले. तीजेला इथली लेक माहेरी जाते. मग तिला अडवणारा मालक तिच्या लेखी कोण असेल? पूर्वी मी त्या दिवसांतली गैरहजेरी लाल शाईने लिहीत असे. आपली हरतालिका तीच त्यांची तीज, आपला पोळा तोच त्यांचा पोरा, हे ठाऊक असूनही मला दोन्हींची सांगड घालता आली नव्हती. आता भट्टीचे अस्तर बदलण्याचे आणि क्रेनच्या देखभालीचे काम आम्ही त्याच आठवड्यात ठेवतो. हरेलीला शेतकरी अवजारांची पूजा करतो. त्या दिवशी आमच्याकडेही साचे, चिमटे आणि लॅडल यांची पूजा होते आणि नारळ सर्वांत जुन्या मोल्डरच्या हाताने फुटतो. आणि स्त्रियांसाठी दार-कडीचे स्वच्छ स्वच्छतागृह, जे कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून असायला हवे होते, ते त्या अपघातानंतर सातव्या महिन्यात झाले. कोणी मागितले नव्हते. कोणी मागू शकेल, अशी जागाच मी ठेवली नव्हती.

एक इशारा मात्र देतो. आपुलकी ही हक्काची भरपाई नव्हे. वेळेवर पूर्ण मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, विमा, सुरक्षेचे बूट आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य या गोष्टी आधी. खांद्यावर हात नंतर. मालकाने नाव लक्षात ठेवले म्हणून कमी मजुरीत भागवून घ्यावे, असा जर त्याचा अर्थ होणार असेल, तर ती गोड बोलून केलेली लबाडी आहे. जमशेटजींनी नुसती विचारपूस केली नाही, निधी सुरू केला. म्हणून त्यांचे नाव राहिले.

तो हेल्पर पाच महिन्यांनी कामावर परतला. लंगडत चालतो. आज तो क्रेनच्या रोजच्या तपासणीचे काम पाहतो, आणि त्याने सही केल्याशिवाय भट्टी पेटत नाही. त्याला मी हे उपकार म्हणून दिलेले नाही. दीडशे माणसांत त्याचा कान सर्वांत चांगला आहे, हे सिद्ध झालेलेच होते. त्याची बायको मला अजूनही फारसे बोलत नाही. तो तिचा अधिकार आहे.

पालकहो, आपल्यापैकी सगळेच कारखानदार नाहीत. पण प्रत्येकाच्या आयुष्यात असा कोणीतरी आहे, ज्याच्या श्रमावर आपला दिवस उभा असतो आणि ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. वसाहतीच्या फाटकावरचा राखणदार, वॉर्डातली आया, बँकेतला शिपाई, स्वयंपाकाच्या बाई. आपली मुले उद्या मोठ्या पदांवर जातील, दूरच्या शहरांत पडद्यांसमोर बसून शेकडो माणसांचे काम ठरवतील. त्यांना इंग्रजी येईल, गणित येईल. वाकून टोपलीला हात लावायचा असतो, हे त्यांना कोण शिकवील? ते फक्त घर आणि शाळा शिकवू शकते.

शेवटी एक विनंती आणि मी थांबतो. आज या शाळेत घंटा देणारे, वर्ग झाडणारे, पाणी भरणारे जे कर्मचारी आहेत, ते या क्षणी सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे आहेत. चहाची वेळ झाली आहे आणि माझे भाषण संपण्याची ते वाट पाहत आहेत. चहा घेताना कृपा करून त्यांचे नाव विचारा. साठ वर्षांपूर्वी पहिली घंटा ज्यांनी दिली, त्यांचे नाव मला संयोजकांनी शोधून द्यावे, अशीही माझी विनंती आहे. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहेच. त्या यादीच्या आधी ते एक नाव छापले गेले, तर हीरक महोत्सव साजरा झाला असे मी समजेन.